शेपटीचं चाक

उडताना त्याला मी नीट कधी पाहिलेलंच नाही.
माझं काम जमिनीवरचं:
डाव्या पंखाच्या टोकाशी चालत राहायचं
वीतभर अंतर सोडून, उजळाईवाडीच्या उन्हात.

नाक आभाळाकडे, शेपूट डांबराला.
आत बसलेल्या इंगवले बाईंना समोरचं काही म्हणता काही दिसत नाही,
फक्त बारा सिलिंडरांवरचं लांबलचक झाकण
आणि त्याच्या दोन्ही अंगांना उरलेलं
थोडं थोडं कोल्हापूर.
म्हणून नागमोडी जायचं.
डावीकडे वळून उजवीकडून डोकवायचं,
उजवीकडे वळून डावीकडून,
आणि मध्ये जे उरतं
ते माझ्या हातावर सोडायचं.

एकदा मध्ये टिटवी होती.
भेगेत चार अंडी, वर ती, हलायला तयार नाही.
मी मूठ वर केली.
या जातीला थांबणं सोसत नाही,
रेडिएटर पंखाखाली, वारा लागला तरच थंड;
सात मिनिटांत पाणी उकळतं.
काटा चढत गेला. बाईंनी इंजिन बंद केलं.
आम्ही पाच जणांनी ते मागं रेटलं.
शेपटीचं चाक गरकन फिरलं एकदा,
आणि मग काय, गरीब गायीसारखं सरळ चाललं उलटं!
पुढं जातानाच याची सगळी खोड.

वजन चाकांच्या मागं आहे ना.
उसाची ट्रॉली रिव्हर्स घेतल्यागत.
हे मी सहज बोललो,
तर बाई हंगाम संपल्यावर कागलला गेल्या,
कारखान्याच्या मोकळ्या यार्डात तीन दिवस
दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेत बसल्या.
शिकवायला सर्जेराव कुरणे, तोंडात तंबाखू.
पहिल्या दिवशी कुंपण मोडलं.
दुसऱ्या दिवशी तो म्हणाला,
"वाकडं झाल्यावर सरळ करू नगासा, बाई.
वाकडं व्हायच्या आदी करा."
तिसऱ्या दिवशी काही बोलला नाही.

तरी झालंच.

मार्चमधली दुपार, वारा गोकुळ शिरगावच्या अंगानं, आडवा.
उतरणं इतकं अलगद की लोकांनी टाळ्या वाजवल्या,
मोबाईल खिशात टाकले, चहाकडे वळले.
मी वळलो नाही.
वेग कमी होत जातो तसा शेपटीवरचा वारा सरतो,
सुकाणू पायाचं ऐकेनासं होतं
आणि ब्रेक अजून भरवशाचा नसतो.
त्या मधल्या पट्ट्यात, सायकलच्या वेगाला,
शेपूट निघालं पुढं बघायला.
मला तिचे खांदे दिसत होते. पाय दिसत नव्हते.
पायच काम करत होते.
गर्रकन एक फेरा,
डावं टोक डांबराला घासलं,
आवाज खरवडलेल्या तव्यासारखा.

मग धूळ.
मग तापलेल्या धातूचं टिक, टिक.

काच सरकवून तिनं विचारलं,
"शिकलगार, किती गेलं?"
"हातभर," मी म्हणालो.
ती हसली नाही, रडली नाही.
हातमोजे काढून मांडीवर ठेवले,
एकावर एक, नीट.

उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये
ते हातभर अकरा दिवस वाळूच्या पिशवीवर होतं.
लाकडी हातोडा, हलका हात.
आमच्या आज्याकडं तलवारी यायच्या धार लावायला;
माझ्याकडं हे आलं.
पत्र्याला घाई कळते. लगेच पोट काढतो.

धावपट्टीवर रबराचा कोयता उमटलाय अजून, काळा.
एक पावसाळा त्याच्यावरून गेला.
जाता येता मी पाय उचलून टाकतो, उगाच.

हल्ली विमान थांबतं, पंखा थांबतो,
लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात.
बाई आत तशाच, नजर कुठंतरी लांब,
डावा पाय दाबलेला.
मी वाकून बाभळीचे ओंडके चाकांना लावतो,
पुढून एक, मागून एक,
आणि पंखावर बोटानं दोनदा टकटक करतो.

तेव्हा कुठं पाय सुटतो.